डाव्या पायाचं माप

"तुझा बूट आटलाय," असं म्हणत ओट्टो वीडनफेल्ड लंगडत दुकानात शिरला आणि त्याने स्टुलावर बसकण मारली.

आन्सेल्मो चाळीस वर्षं अर्ध्या टेक्सासचे बूट शिवत होता. कुणी त्याचा बाप काढला असता तर त्याने सोडून दिलं असतं, पण माप काढलेलं खपत नसे. त्याने ओट्टोची डावी तंगडी मांडीवर घेऊन बूट ओढला. बूट हलेना. ओट्टो सांगू लागला, नातीच्या बाप्तिस्म्याहून, थेट डेन्व्हरहून गाडी हाकत आलोय, पेट्रोलपुरता काय तो उतरलो. वाटेत कबुतराएवढा डास चावला असणार. जरा पोटरी चोळून दे.

आन्सेल्मोने चोळली नाही. बुटाच्या वर मापाची फीत लावली. उजवा पाय चौदा इंच, डावा सोळा. जीनच्या कापडातूनही डावा तापल्या तव्यासारखा लागत होता.

"दम लागतोय? छातीत दुखतंय?"

"नाही."

"आत रक्ताची गाठ धरली असणार, लेका. ती सुटून फुप्फुसात गेली तर बुटासकट पुरावं लागेल तुला." त्याने सुरी उचलली.

ओट्टोने दोन्ही हातांनी बूट धरला. "बायकोने दिलेत. लोरेन गेली त्या वर्षी."

"पाय सांभाळायला बूट दिले तिनं, गाढवा. बूट सांभाळायला पाय नाही."

तरी चामड्याला त्याने सुरी लावली नाहीच. बाजूची शिवण, स्वतःच घातलेली, टाक्यामागून टाका उसवली आणि अनवाणी म्हाताऱ्याला गाडीत घालून इस्पितळ गाठलं.

गाठ गुडघ्यापासून मांडीपर्यंत होती. रक्त पातळ करायच्या गोळ्या मिळाल्या, आणि रोज चालायचा हुकूम. स्वतःच्या फाटकापर्यंतही गाडीने जाणारा ओट्टो हळूहळू दर शनिवारी दोन मैल पायी दुकानात येऊ लागला. उसवलेला बूट खिळ्याला टांगलेला असे. पाय मापात आल्याशिवाय शिवणार नाही, असं आन्सेल्मोने बजावलं होतं. तो फीत लावायचा, मग कॉफी व्हायची, लोरेनच्या गोष्टी निघायच्या.

मार्चात फीत चौदावर आली, उजव्या पायाइतकीच.

"अजून अर्धा इंच," आन्सेल्मो म्हणाला.

कुंपणाबाहेरून वासराचं वजन अचूक सांगणाऱ्या ओट्टोने फितीकडे पाहिलंही नाही. हॅट चढवत तो म्हणाला, "मग पुढच्या शनिवारी येतो."