घरात दुसरं कोणी

गिऱ्हाइकाच्या पायात ती सँडल चढवत होती, तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन पुन्हा थरथरला. सासूचाच. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला फोनचं एकच बटण दाबता यायचं. ते सुनेचं.

"अगं, घशाला कोरड पडलीय. चादरही ओली झालीय. कधी येतेस?"

"आलेच, आई," ती पुटपुटली आणि सँडलचा पट्टा लावला.

चपलांच्या त्या दुकानात बायका दिवसभर गुडघ्यांवर. स्टुलं होती, पण ती गिऱ्हाइकांची. फोन दिसला की मालकाचं डोकं फिरायचं. आताही तो गल्ल्यावरून डोळे वटारून बघतच होता.

"शेठ, तासाभरात जाऊन येते. सासूबाई एकसारख्या..."

"झालं सुरू रडगाणं! दुकान आहे की धर्मशाळा? घरात दुसरं कोणी नाही का?"

"नाही," ती म्हणाली. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"जा मग! अर्ध्या दिवसाचा पगार कापणार. आणि पुढच्या वेळी गेलीस तर येऊच नकोस."

शेजारची बाई हळूच म्हणाली, "पळ तू. तुझी गिऱ्हाइकं मी बघते."

ती तरातरा निघाली. मेल्याला आई नाही का? स्वतःची आई अशी पडली असती म्हणजे कळलं असतं! रस्ताभर तिने मालकाला मनातल्या मनात धू धू धुतलं. चढावर धाप लागली, तरी थांबली नाही. म्हातारीची वाळलेली जीभ तिला डोळ्यांसमोर दिसत होती.

घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याबाहेर चपला-बूट पसरले होते. कोणाचे ते तिला विचारावं लागलं नाही. तिनेच गुडघ्यांवर बसून निवडले होते, कामगारांच्या सवलतीत. नऊ नंबरचे नवऱ्याचे. आठचे दिराचे. दहाचे लेकाचे, त्याचा पाय आता बापापेक्षा मोठा झाला होता.

आत टीव्हीवर मॅच रंगात आली होती.

"बरं झालं आलीस," नवरा मान न वळवता म्हणाला. "आई मघापासून पाण्यासाठी ओरडतेय."

पाण्याचा जग त्याच्या कोपरापाशीच होता.

तिच्या अंगाचा भडका उडाला. पण आधी तिने म्हातारीला उठवून पाणी पाजलं. म्हातारी घटाघटा प्यायली. मग तिचे कपडे बदलले, कोरडी चादर घातली. ओली चादर उचलून ती बाहेरच्या खोलीत आली आणि तिने ती नवऱ्याच्या मांडीवर टाकली.

"अगं ए! वेड लागलं काय तुला?"

दीर ताडकन उठला. लेकाने टीव्ही बंद केला. तिने पायात चपला सरकवल्या आणि उंबऱ्यातूनच फोन लावला.

"शेठ, परत येतेय. पगार कापू नका."

"आणि सासूबाईंजवळ कोण?"

तिने आत एकदा नीट बघून घेतलं.

"घरात माणसं सापडली. तीन."