खराब टेपांचं कपाट

"सगळ्या खराब आहेत, बाई," टीव्ही केंद्राची तरुण अधिकारी म्हणाली आणि तिने जुनी नोंदवही पुढे सरकवली. शाळेत शिकवता शिकवता बाईंनी मुलांसाठी केलेल्या 'करून बघू' या कार्यक्रमाच्या एक्केचाळीस टेपा. प्रत्येकीपुढे एकच शेरा होता : खराब, पुन्हा वापरू नये. केंद्र नव्या इमारतीत चाललं होतं आणि हे कपाट दुपारी भंगारात जाणार होतं. त्याआधी एकदा पाहून घ्या, म्हणून तिने बाईंना बोलावलं होतं.

बाईंनी चष्मा पुसून अक्षर पाहिलं. ते कुलूपरावांचं होतं. टेपखोली सांभाळणाऱ्या त्या माणसाच्या कमरेला किल्ल्या आणि तोंडाला कुलूप, म्हणून हे नाव. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. त्या काळी टेपा महाग. कार्यक्रम दाखवून झाला की तो पुसायचा आणि त्याच टेपेवर दुसरं काही घ्यायचं. आज मुलांचा कार्यक्रम, उद्या त्यावर कुस्ती. आपलंही सारं असंच पुसलं गेलं, असं बाई नातवंडांना सांगत आल्या होत्या; पण काम मात्र असं केलं की ज्याचं नाव ते, हेही सांगायच्या. आज कळलं ते पुसण्याहून वाईट होतं. बिघडलेलं तेवढं उरलं होतं.

त्यांच्या कार्यक्रमाचा आवाज सांभाळणारे कानसेन सोबत आले होते. कानातलं यंत्र चाचपत ते म्हणाले, घरी जाऊ, उगाच जिवाला घोर कशाला. त्या तरुणीनेही सांगितलं की जुनं मशीन एकच चालू आहे, खराब टेप घातली तर तेही बसेल.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "बाळ, मी मुलांना हेच शिकवलं. लिहिलंय म्हणून मानू नका, करून बघा. लाव एक."

मशीन घरघरलं. पडद्यावर मुंग्यांची रांग आली, पाय मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ. त्या दिवशी लंबू कॅमेरामन जमिनीवर पालथा पडला होता. दोन मुंग्या कडकडून चावल्या, पण कॅमेरा हलला नव्हता. दुसऱ्या टेपेत वाळकी शेंग तडकली. तेवढ्या एका आवाजासाठी कानसेन तीन तास उन्हात माइक धरून बसले होते. आता ते खुर्चीत ताठ झाले. तिसरी लावली, दहावी लावली. कुठे रेघ नाही, खरखर नाही.

त्या तरुणीला काही उमजेना. धडधडीत चांगल्या टेपेला खराब कोण लिहील?

कानसेनांनी वही जवळ ओढली. "चांगली लिहिली असती तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुस्ती चढली असती," ते म्हणाले. "खराब टेपेला कुणी हात लावत नव्हतं. आणि आपण कुलूपरावांना घुम्या म्हणायचो."

भंगाराची गाडी दारात आली होती. त्या तरुणीने ती परत पाठवली. मग पेन काढून ती पहिल्या ओळीतला शेरा खोडू लागली, तेव्हा बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे. जन्मभर मी मुलांच्या वह्यांत शेरे लिहिले. मला मिळालेला सगळ्यांत चांगला शेरा हा आहे."