एका वेळचं प्रमाण

“तीनचं एक कर,” साहेब म्हणाले.

तो स्क्रीनकडे पाहत राहिला. न्याहारीच्या सॉसेजच्या पाकिटामागे छापायचा तक्ता समोर होता: प्रथिनं, चरबी, मीठ. हे तक्ते लावण्याचं काम त्याचं, म्हणून कंपनीत सगळे त्याला लेबलवाला म्हणत. ‘एका वेळचं प्रमाण: तीन सॉसेज’ असं तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेलं होतं, आणि त्या हिशेबाने मीठ इतकं भरत होतं, की पाकिटाच्या दर्शनी बाजूला लाल ठिपका छापणं नियमाने भाग होतं. लाल ठिपक्याचं पाकीट लोक उचलत आणि पुन्हा जागेवर ठेवत.

“साहेब, एक सॉसेज खाऊन कोण उठतं?”

“अरे, कोण किती खातो ते बघायला आपण त्यांच्या घरी जातो का? आकडा खोटा नाही ना? झालं तर मग.”

साहेबांचं बोलणं नेहमी साखरेत घोळवलेलं असायचं. खारट कामं तेवढी ते दुसऱ्याकडून करून घेत.

त्याने तीनचं एक केलं. मिठाचा आकडा एकदम सडपातळ झाला, लाल ठिपका गेला. ‘एक सॉसेज’ हे शब्द मुंगीएवढ्या अक्षरांत खाली सरकवले. वाईट वाटलं, पण नोकरी सोडण्याइतकं नाही.

नवी पाकिटं दुकानांत गेल्यावर काही आठवड्यांनी, सुटीच्या सकाळी, तो आईवडिलांकडे गेला. वडिलांचं हृदय थकलं होतं. मीठ जास्त झालं की अंगात पाणी साठायचं, धाप लागायची. याच्यापुढे मीठ सांभाळलं नाही तर फार दिवस काढणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हृदय थकलं तरी राग मात्र नाकावर तसाच होता. अळणी जेवणाची ताटली ते सरळ भिंतीवर भिरकावत. आई भिंत पुसायची आणि पुन्हा वाढायची. तिचं डावं मनगट जरा वाकडं बसलेलं होतं. जिन्यावरून पडले, असं तिने तो लहान असताना सांगितलं होतं. त्या घराला जिना नव्हता.

आज भिंत स्वच्छ होती. वडील मुकाट्याने खात होते. ताटलीत अंडं, पाव आणि तीन सॉसेज. टेबलाखाली त्यांचे पाय सुजून चपलांच्या पट्ट्यांत मावत नव्हते.

“ह्यांचं हल्ली बरं चाललंय,” आई म्हणाली. “ताटलीला पंख फुटले नाहीत बरेच दिवस.”

“काय देतेस त्यांना?”

“तुमच्याच कंपनीची. आधी मी ती दुसऱ्या कंपनीची आणायचे ना, ती डॉक्टरांनी पाकिटाची मागची बाजू वाचून बंद करायला लावली. म्हणाले, यात मीठच मीठ आहे. मग तुमचं पाकीट नेऊन दाखवलं. त्यांनी आकडा बघितला आणि म्हणाले, रोज एका वेळेला एवढं चालेल.”

“तीन चालतील म्हणाले?”

“एका वेळेला म्हणाले.” तिने वडिलांच्या कपात चहा ओतला. “ते तक्ते तूच करतोस ना?”



“अजून एक आण!” वडील ओरडले. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. आईने लगेच आणून वाढलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत पाऊल ठेवल्या ठेवल्या त्याने साहेबांना गाठलं.

“परत तीन करायचं? डोकं ठिकाणावर आहे ना? सगळा माल बाजारात गेलाय.”

“माझे वडील खातात, साहेब. हृदयाचा त्रास आहे त्यांना.”

“मग त्यांना सांग ना, एकच खा म्हणून.”

साहेब आयुष्यात पहिल्यांदाच सरळ बोलले असावेत. तो तसाच बाहेर पडला आणि आईकडे निघाला. वडिलांवर आपलं प्रेम आहे की नाही, हे त्याने कधी तपासून पाहिलं नव्हतं. पण त्यांचा जीव आपल्या हातून जावा, हे त्याला सहन होईना. आणि आई! रोज आपणच त्यांना काय वाढत होतो हे कळलं, तर ती स्वतःला कधी माफ करणार नाही. वाटेत त्याला खरोखर रडू आलं.

आई स्वयंपाकघरात तव्यासमोर उभी होती. त्याने दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं: तीनचं एक कसं केलं, ते शब्द कुठे लपवले, वडिलांच्या पोटात रोज किती मीठ जातंय.

“तुझा यात काही दोष नाही, आई. तुला बिचारीला काय ठाऊक? तू पाकिटावर विश्वास ठेवलास.”

आईने गॅस बारीक केला. तव्यातली सॉसेज एकेक करून उलटली. भिंतीपलीकडून वडिलांची धाप ऐकू येत होती.

“साहेबांशी बोललास?”

“बोललो. बदलणार नाही म्हणतात.”

“नक्की?”

“नक्की.”

तिचे आवळलेले खांदे सैल झाले.

“बारीक अक्षरं वाचायला मला अजून चष्मा लागत नाही रे,” ती म्हणाली आणि ताटलीत एकेक सॉसेज काढू लागली. एक, दोन, तीन, चार. “ती दुसरी काय चवीला वाईट होती? पण त्यांच्या पाकिटावर खरं लिहिलेलं असायचं.”