नीटनेटकी नदी

“थांब, थांब, मी लावते. तू नुसतं धर,” आई म्हणाली.

थोरलीने नुसतं धरलं. डोंगरातून निघालेली निळ्या कागदाची नदी आईने पुठ्ठ्यावर बसवली, वरून तळहात फिरवला आणि मान मागे घेऊन लांबून पाहिलं. एक सुरकुती नाही. धाकट्याच्या मुठीत डिंकाच्या बाटलीचं झाकण होतं. झाकण सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं आणि तो ते अगदी मन लावून करत होता.

लॅपबुक म्हणजे पुठ्ठ्याची एक मोठी घडी, कपाटाच्या दारांसारखी दोन्हीकडून उघडणारी. आत कागदाचे खिसे, झडपा, फिरणारी चकती. एक झडप उचलली की धबधबा, दुसरी उचलली की समुद्र. मुलं शाळेत जात नव्हती. आई त्यांना घरीच शिकवायची, आणि भूगोल शिकवायची तो असा. वाळवंटं झाली, बेटं झाली, ज्वालामुखी तर दोनदा झाले. आता नदी.

आणि आज नणंदबाई येणार होत्या. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. थोरल्या बहिणीचा शब्द मोडायची मुलांच्या बाबांची लहानपणापासून टाप नव्हती, त्यामुळे त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, “ताई येऊन बघेल. ती ठीक म्हणाली तर अजून एक वर्ष घरी, नाहीतर शाळा. मी मध्ये पडत नाही.” मध्ये न पडणं ही बाबांची खासियतच होती. आईला मात्र धास्ती होती. थोरली शाळेत जायची तेव्हा रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. रविवारी कधी दुखलं नाही. ते सगळं आईला पुन्हा नको होतं. शिवाय, खरं बोलायचं तर, मुलं शाळेत गेली की दिवसभर आपण घरात करायचं काय, हेही तिला सुचत नव्हतं.

नणंदबाई आल्या. पाणी प्यायल्या, खुर्ची पुढे ओढली, चष्मा चढवला. “हं, दाखवा बघू, काय दिवे लावलेत ते.”

आईने लॅपबुक टेबलावर ठेवून उघडलं.

“नदी निघते कुठून गं?” नणंदबाईंनी थोरलीला विचारलं.

“डोंगरातून. वर बर्फ वितळतो, नाहीतर झरा असतो.”

“मग सरळ खाली का येत नाही? एवढी वळणं कशाला?”

“कठीण दगड आडवा आला की ती बाजूने जाते.”

“आणि समुद्राजवळ आली की?”

“दमते,” धाकटा म्हणाला. “एवढी माती उचलून आणलेली असते ना, ती मग तिथेच टाकून देते.”

नणंदबाई खळखळून हसल्या. आईने शिकवलेलं वाक्य असं नव्हतं, त्यात ‘वेग’ होता आणि ‘गाळ’ होता. पण अर्थ पोचला होता. तिचा जीव जरा भांड्यात पडला.

नणंदबाईंनी नदीच्या कडेवरून बोट फिरवलं. “काय सुबक कापलंय! कुणी केलं?”

“आम्ही तिघांनी,” आई म्हणाली.

“कमाल आहे बाई. आमच्याकडे कातरकाम झालं की फरशी खरवडून काढावी लागते. केसांत डिंक, कोपरांना डिंक. आणि तुझं घर बघ, कसं लख्ख!”

आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“तो धबधबा उघड रे जरा,” नणंदबाई धाकट्याला म्हणाल्या.

धाकट्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. “आई उघडते.”

“अहो ताई, लहान आहे तो. ओढतो, मग फाटतं,” आई घाईघाईने म्हणाली आणि तिनेच झडप उचलली.

नणंदबाईंनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे. मग त्यांनी लॅपबुक मिटलं.

“मुलांना येतंय. खोटं कशाला बोलू? माझ्याकडच्या दुसरीतल्या पोरांना एवढं सांगता येणार नाही. राहू देत अजून एक वर्ष घरी.”

बाबा नेमके तेव्हाच चहाचे कप घेऊन बाहेर आले. “मी म्हणतच होतो,” ते म्हणाले.

आईला नाचावंसं वाटलं. डोळे भरून आले ते तिने खांद्याला पुसले आणि दोन्ही मुलांना कवेत ओढलं. “मागा! काय हवं ते मागा. आज मी कशालाच नाही म्हणणार नाही.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरली धाकट्याच्या कानात कुजबुजली. त्याने जोरजोरात मान हलवली. बेत जुनाच दिसत होता. सायकल असेल, आईला वाटलं, नाहीतर मांजर. मांजरालासुद्धा आज तिची तयारी होती.

“एक लॅपबुक आम्ही करू?” थोरलीने विचारलं.

“अगं वेडे, आपण करतोच की!”

“तसं नाही. आम्ही दोघंच.” थोरलीने आत्याकडे चोरून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. “घाण झालं तर कुणालाच दाखवणार नाही, आई. शप्पथ.”