बाबांचा भाग

“किती जागा देऊ, बाबा?” शलाकाने विचारलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाबांना सत्तरीत नवंच वेड लागलं होतं. लेकीच्या लॅपटॉपमध्ये विंडोजशेजारी त्यांना लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली हवी होती.

“वीस जीबी पुरे.”

“पाचशेची डिस्क आहे. शंभर घ्या की!”

“कशाला? मला काय तिथं लग्न लावायचंय?” ते हसले. आई गेल्यावर ते तिच्याकडे राहायला आले, तेव्हापासून असंच. हॉलमध्ये झोपायचे आणि घर जागं व्हायच्या आत खाट घडी करून ठेवायचे. तिने डिस्कचा वीस जीबीचाच वेगळा भाग त्यांना करून दिला. संध्याकाळभर ते त्यात रमले.

दुसऱ्या दिवशी उन्हं आत आली तरी खाट उघडीच होती. बाबा झोपेतच गेले होते.

महिन्याभरातच लॅपटॉप जागेवाचून अडू लागला. “बाबांचा भाग पुसून टाक,” नवरा हलकेच म्हणाला. “तेवढीच जागा होईल.”

पुसण्याआधी तिने तो एकदा उघडला. बाबांनी पडद्यावरचं चित्रसुद्धा बदललं नव्हतं; पाहुण्याने यजमानाच्या भिंतीवरचा खिळा हलवू नये, तसं.

दुपारभर बसून तिने स्वतःच्या जुन्या फायली काढून टाकल्या. विंडोजचा भाग लहान केला आणि मोकळी झालेली सगळी जागा बाबांकडे सरकवली. मग इतक्या वर्षांत एकदाही न म्हटलेलं ती मोठ्याने म्हणाली, “ऐसपैस राहा, बाबा. घर तुमचंच आहे.”