निर्धोक लोकर

चौकशी समितीसमोर गिरणीचे संचालक रणदिवे शांतपणे म्हणाले, "आमच्या लोकरीवरचं रसायन निर्धोक आहे. त्या बाळाची कातडीच सदोष होती."

ते बाळ हेमांगीचं होतं. गिरणीच्या प्रयोगशाळेत ती माणसांच्या पेशींपासून त्वचा वाढवायची. धुतल्यावर न आटणारी लोकर त्या त्वचेवर तपासली जायची. फोड उठल्याचे अहवाल रणदिवे दाबून ठेवत, हे तिला फार उशिरा कळलं. तोवर तिने लेकीसाठी त्याच लोकरीचं टोपरं विणलं होतं. डोक्यावरचे फोड चिघळून अकराव्या दिवशी लेक गेली.

हेमांगीने टेबलावर काचेची बशी ठेवली. तळहाताएवढ्या त्वचेवर लोकरीचा धागा होता आणि त्याखाली लालभडक फोड होते.

"ही कातडी कशी वाटते, साहेब?"

रणदिवेंनी वाकून पाहिलं. "हीसुद्धा सदोष. असल्या माणसांनी लोकर वापरूच नये."

"नोकरीला लागताना आपण सगळेच पेशींचा नमुना देतो," हेमांगी म्हणाली. "ही तुमच्या नमुन्यातून वाढवली आहे."

समितीच्या अध्यक्षबाईंनी बशीवरचा क्रमांक रणदिवेंच्या नमुन्याच्या नोंदीशी ताडून पाहिला आणि होकारार्थी मान हलवली.

हेमांगीने पिशवीतून त्याच लोकरीची मोठी टोपी काढली. "तुमच्या मापाची विणली आहे. घाला."

रणदिवेंची खुर्ची करकरत मागे सरकली. "आधी ती लांब ने."

लेखनिकाने ते वाक्य उतरवून घेतलं. हेमांगी मात्र टोपी पुढे धरून तशीच उभी राहिली.