विचारपूस

“आमटी आजही अळणी,” कौस्तुभच्या गळ्यावरची पट्टी कुरकुरली. अर्धांगानंतर त्याची जीभ वळेना, तेव्हापासून मनात जुळलेलं वाक्य ही पट्टी परस्पर बोलून टाकायची, तेही त्याच्याच आवाजात.

“मीठ डॉक्टरांनी बंद केलंय, मी नाही,” त्याची बायको गार्गी त्याचं तोंड पुसत म्हणाली.

तेवढ्यात नणंद शहाळी घेऊन आली. तिच्यासमोर गाऱ्हाणी नकोत म्हणून गार्गीने पट्टी बंद करायला हात नेला, पण कौस्तुभने आपल्या चालत्या हाताने तो धरून ठेवला.

“काय रे, कसं वाटतंय?” वर्षभर येणारा-जाणारा विचारायचा, तेच नणंदेनेही विचारलं.

पट्टी बोलू लागली.

“ताई, मला सगळेच विचारतात. तू हिला विचार. माझं करून करून पार दमलीय ती.”